हवा तो ईमेल नेमका कसा शोधायचा: थंडरबर्ड आणि आउटलुकसाठी क्रमवार पद्धत

“सर्चमध्ये टाकून बघितलं, येत नाहीये. बहुतेक डिलीट झाला असेल.” हे वाक्य ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांचा मेल डिलीट झालेला नव्हता. एकतर शोध भलत्याच फोल्डरमध्ये चालला होता, किंवा प्रोग्राम फक्त विषयाच्या ओळी तपासत होता, किंवा टाइप केलेला शब्द त्या मेलमध्ये नव्हताच. शब्द आठवतो म्हणून आपण तो आधी टाकतो. मेल शोधताना मात्र शब्द हा सगळ्यांत कच्चा धागा असतो. आधी माणूस, मग काळ, मग जागा आणि शेवटी शब्द, या क्रमाने गेलात तर बरेच मेल शब्दापर्यंत पोचायच्या आतच सापडतात.

खालच्या पायऱ्या कॉम्प्युटरवर मेल वाचायच्या दोन प्रोग्रामांसाठी आहेत: थंडरबर्ड (११५ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या) आणि विंडोजवरचं क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातलं आउटलुक. नव्या रूपातल्या आउटलुकमध्ये मेन्यू वेगळे आहेत, पण क्रम हाच ठेवा. मॅकवर थंडरबर्ड वापरत असाल तर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड दाबा.

## १. टाइप करण्याआधी: काय आठवतंय ते लिहून काढा

कागदावर चार गोष्टी लिहा.

- मेल कोणी पाठवला, आणि कुठल्या पत्त्यावरून?
- साधारण कधी आला?
- तुमच्या कुठल्या खात्यावर आला?
- सोबत फाइल होती का?

“कुठल्या पत्त्यावरून” हे मुद्दाम लिहिलंय. लोक ऑफिसच्या पत्त्यावरून बोलणं सुरू करतात आणि फाइल मात्र घरच्या पत्त्यावरून पाठवतात. कधी त्यांच्यातर्फे दुसराच कोणी पाठवतो. म्हणून त्या माणसाच्या नावापुढे त्याचे माहीत असलेले सगळे पत्ते लिहा.

तारीख आठवत नसेल तर आसपासची घटना आठवा. दुरुस्तीचं कोटेशन पैसे भरण्याआधी आलं होतं ना? मग पैसे भरल्याची पोचपावती शोधा. ती सहज सापडते, कारण तिचा विषय ठरावीक असतो. तिच्या तारखेपासून मागे यायचं. शेजारचा मेल पकडून हवा त्या मेलपर्यंत पोचणं ही माझी सगळ्यांत जास्त चाललेली युक्ती आहे.

विषयाच्या ओळीवर फार भिस्त ठेवू नका. कोणीतरी जुन्याच मेलला रिप्लाय करून नवी गोष्ट सांगतं आणि तुमचं कोटेशन “बैठकीची वेळ” अशा विषयाखाली पडून राहतं.

तपासा: चारपैकी दोन उत्तरं तरी हाती आहेत का? एकच असेल तर पुढे यादी लांबच लांब येईल, ती नजरेखालून घालायची तयारी ठेवा.

## २. समोरची यादी पूर्ण आहे का ते बघा

मेल तिथेच असतो, फक्त दिसत नसतो.

थंडरबर्डमध्ये यादीच्या वरची क्विक फिल्टरची पट्टी बघा. “अनरीड” किंवा “अटॅचमेंट”चं बटण दाबलेलं राहिलं असेल, तर बाकीचे मेल लपतात. त्या पट्टीवर एक टाचणीचं चिन्ह असतं. ते चालू असेल तर फोल्डर बदलला तरी फिल्टर सोबत येतो आणि प्रत्येक फोल्डर अर्धा रिकामा वाटतो. तिथे सगळं ठीक असेल तर व्ह्यू मेन्यूतल्या “थ्रेड्स”मध्ये फक्त न वाचलेले मेल दाखवायचा पर्याय निवडला गेलाय का तेही बघा. मेन्यूच दिसत नसतील तर एकदा ऑल्ट दाबा.

आउटलुकमध्ये यादीच्या डोक्यावर “ऑल” आहे की “अनरीड” ते बघा. “फोकस्ड” आणि “अदर” असे दोन भाग असतील तर दोन्ही चाळा.

संभाषणं गुंडाळलेली असतील, म्हणजे वीस मेलांची एकच ओळ दिसत असेल, तर शोधापुरती ती मांडणी बंद करा. मग पाठवणाऱ्याच्या नावाच्या रकान्यावर क्लिक करा आणि यादी नावाप्रमाणे लावून घ्या. मोठी फाइल आली होती एवढंच आठवत असेल तर आकाराच्या रकान्यावर क्लिक करा. अनेकदा इथेच काम होतं, सर्च लागतही नाही.

## ३. मेल या कॉम्प्युटरवर आहे का?

ही पायरी लोक हमखास गाळतात.

१. थंडरबर्ड, आयमॅप खातं (मेल सर्व्हरवर राहतात, इथे त्यांची प्रत येते): अकाउंट सेटिंग्जमध्ये “सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज” उघडा. खात्याचे मेल या कॉम्प्युटरवर ठेवायची खूण आहे का? की फक्त अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवले जातात? मजकूर उतरलेला नसेल तर त्या मजकुरातला शब्द इथे सापडणार नाही. यादीत विषय आणि नाव दिसतं, त्यामुळे मेल पूर्ण उतरलाय असा समज होतो.

२. थंडरबर्ड, न दिसणारे फोल्डर: खात्याच्या नावावर राइट-क्लिक करून “सबस्क्राइब” उघडा. सर्व्हरवर असलेल्या पण खूण नसलेल्या फोल्डरचा इथे पत्ताच नसतो.

३. आउटलुक, ऑफिसचं एक्स्चेंज खातं: खात्याच्या सेटिंग्जमध्ये किती महिन्यांचे मेल कॉम्प्युटरवर ठेवायचे यासाठी एक सरकपट्टी असते. ती बहुधा १२ महिन्यांवर असते. त्याहून जुना मेल हवा असेल तर शोधाच्या निकालांच्या तळाशी सर्व्हरवर आणखी शोधण्याचा दुवा येतो, तो दाबा. किंवा सरकपट्टी “ऑल”वर न्या आणि मेल उतरायला वेळ द्या.

४. आउटलुकची जुनी संग्रह-फाइल: आपोआप आर्काइव्ह होण्याची सोय कधी चालू असेल, तर जुने मेल वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) गेलेले असतात. फाइल मेन्यूतून “ओपन अँड एक्स्पोर्ट”मध्ये जाऊन ती उघडा. उघडली नाही तर ती शोधात येणारच नाही.

५. पॉप खातं (मेल सर्व्हरवरून उतरवून कॉम्प्युटरवर ठेवणारं): मेल ज्या कॉम्प्युटरवर उतरला तिथेच राहिला, असं होऊ शकतं. जुना लॅपटॉप आठवा.

सावध: थंडरबर्डमध्ये मेल निवडलेला असताना नुसतं “ए” अक्षर दाबलं तर तो आर्काइव्ह फोल्डरमध्ये जातो. शोधाच्या चौकटीत कर्सर आहे असं समजून मी एकदा “ए”ने सुरू होणारं नाव टाइप केलं आणि समोरचा मेल गेला. अर्धा दिवस तोच शोधत होतो. इनबॉक्समधून अचानक काही नाहीसं झालं तर आधी आर्काइव्ह बघा. आपण काय केलं ते लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड.

## ४. आधी लहान वर्तुळ: एकाच फोल्डरमध्ये

मेल कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचा बऱ्यापैकी अंदाज असेल तर सगळं खातं ढवळू नका.

थंडरबर्डमध्ये तो फोल्डर उघडून कंट्रोल-शिफ्ट-के दाबा आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा तुकडा टाका. टाइप करायला लागलात की खाली “सेंडर”, “रिसिपियंट्स”, “सब्जेक्ट”, “बॉडी” अशी बटणं दिसतात. यातलं “बॉडी” मुळात बंद असतं. शब्द मजकुरात आहे हे माहीत असूनही तो मिळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे एवढंसं बटण असतं. फाइल हवी असेल तर “अटॅचमेंट”चं बटणही दाबा.

पाठवलेला मेल शोधताना “सेंट” फोल्डरमध्ये जायचं आणि “रिसिपियंट्स” चालू ठेवायचं. फोनवरून पाठवलेले मेल कधीकधी वेगळ्याच नावाच्या “सेंट” फोल्डरमध्ये पडतात, तोही उघडा.

आउटलुकमध्ये कंट्रोल-ई दाबून शोधाच्या चौकटीत जा. लगेच टाइप करू नका. चौकटीशेजारच्या यादीत “करंट फोल्डर”, “सबफोल्डर्स”, “करंट मेलबॉक्स”, “ऑल मेलबॉक्सेस” यांतलं काय निवडलेलं आहे ते आधी वाचा.

सावध: क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल-एफ म्हणजे शोध नव्हे. त्याने समोरचा मेल फॉरवर्ड करायची खिडकी उघडते. तशी उघडली तर न पाठवता बंद करा.

## ५. थंडरबर्ड: अटी लावून शोध

वरच्या पट्टीतला सगळीकडचा शोध (कंट्रोल-के) चटकन हाताशी येतो. निकालाच्या पानावर डावीकडे माणसं आणि फोल्डर यांच्या चाळण्या असतात, वर्षांचा आलेखही उघडता येतो. तिथे मेल थोडेच दिसले तर “ओपन ॲज लिस्ट” दाबा, म्हणजे सगळे नेहमीच्या यादीत येतात आणि रकान्यांप्रमाणे लावता येतात. मात्र हा शोध सूचीवर, म्हणजे प्रोग्रामने मेलमधल्या शब्दांची आधीच करून ठेवलेल्या नोंदीवर (इंडेक्स) चालतो. सूची अर्धवट असेल तर निकालही अर्धवट. नेमका मेल हवा असेल तर मी थेट पुढच्या खिडकीत जातो.

१. कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबा.

२. वरच्या यादीत जागा निवडा. खिडकी उघडताना जो फोल्डर समोर होता तोच तिथे धरलेला असतो. पूर्ण खातं शोधायचं तर खात्याचं नाव निवडा आणि सबफोल्डर शोधण्याची खूण करा. “लोकल फोल्डर्स” हे वेगळं घर आहे, त्यासाठी हाच शोध पुन्हा चालवावा लागतो.

३. मजकूर या कॉम्प्युटरवर उतरलेला नसेल (पायरी ३) तर “रन सर्च ऑन सर्व्हर”वर खूण करा. त्याने काही अटी उपलब्ध राहत नाहीत, म्हणून गरज असेल तरच.

४. “मॅच ऑल” की “मॅच एनी” ते ठरवा. “ऑल” म्हणजे प्रत्येक अट पाळली गेली पाहिजे, “एनी” म्हणजे एक पुरे. एकाच शोधात दोन्हींची सरमिसळ होत नाही. एका माणसाचे दोन पत्ते असतील तर “एनी”मध्ये दोन्ही टाकायचे (मग तारखेच्या अटी घालायच्या नाहीत) नाहीतर “ऑल” ठेवून एकेका पत्त्यासाठी शोध दोनदा चालवायचा. “ऑल” ठेवून दोन्ही पत्ते टाकले तर एकही मेल येत नाही, कारण एक मेल दोन पत्त्यांवरून येत नसतो. या चुकीवरून मला पुन्हा पुन्हा विचारणा होते.

५. पहिली अट माणसाची. “फ्रॉम” आणि “कंटेन्स” निवडून पत्त्यातला ॲट चिन्हाच्या आधीचा भाग टाका. पूर्ण नाव टाकू नका. तेच नाव पाठवणारा कधी मराठीत लिहितो, कधी इंग्रजीत, कधी आडनाव आधी. पत्ता त्यामानाने स्थिर असतो.

६. दुसरी आणि तिसरी अट काळाची. “डेट”, “इज आफ्टर” आणि मग “डेट”, “इज बिफोर”. आठवणीतल्या काळाच्या दोन्ही बाजूंना निदान आठवडाभर मोकळं सोडा.

७. आता “सर्च” दाबा. शब्द अजून टाकायचा नाही. पन्नासेक मेल आले तर डोळ्यांनी चाळा, दोन मिनिटांचं काम आहे. शेकड्यांनी आले तरच “बॉडी”, “कंटेन्स” आणि एक शब्द.

८. मेल दिसला की “ओपन इन फोल्डर” वापरा. तो कुठे होता ते कळतं, आणि त्याच्या मागचे-पुढचे मेलही दिसतात.

तपासा: शून्य निकाल आले तर नव्या अटी घालू नका, असलेल्यांतली एकेक काढत जा. आधी शब्द काढा, मग तारीख. कुठली अट काढल्यावर मेल दिसायला लागले, त्यावरून चूक कुठे होती ते समजतं.

तारखेबद्दल एक खुबी. थंडरबर्डमधली “डेट” पाठवणाऱ्याच्या मशीनने घातलेली असते. त्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर कालचा मेल काही वर्षं मागे जाऊन बसतो. शंका आली तर यादीत “रिसीव्ड” हा रकाना चालू करून त्याप्रमाणे लावा.

## ६. आउटलुक: अटी लावून शोध

इथेही कंट्रोल-शिफ्ट-एफ, खिडकीचं नाव “ॲडव्हान्स्ड फाइंड”. “ब्राउझ” दाबून फोल्डर निवडा आणि सबफोल्डरची खूण करा. ही खिडकी एका वेळी एकाच मेलबॉक्समध्ये किंवा एकाच डेटा-फाइलमध्ये शोधते. पहिल्या टॅबमध्ये पाठवणारा, “मोअर चॉइसेस”मध्ये फाइल आहे की नाही आणि आकार, “ॲडव्हान्स्ड”मध्ये तारखांची चौकट. क्रम तोच, माणूस आणि काळ आधी.

नेहमीच्या चौकटीत शोधत असाल तर तीन गोष्टी.

शब्द नेहमी सुरुवातीपासून जुळवला जातो. लांब शब्दाचा पुढचा तुकडा टाकला तर सापडतो, मधला किंवा शेवटचा टाकला तर नाही. दोन शब्द लागून हवे असतील तर दुहेरी अवतरणात घाला. अँड, ऑर, नॉट हे इंग्रजी जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहायचे, लहान अक्षरांत लिहिलेत तर ते साधे शब्द समजले जातात.

दुसरं, निकालांची संख्या मुळात २५० वर थांबवलेली असते. जुना मेल हवा असेल तर तो त्या पलीकडे राहू शकतो. फाइल, ऑप्शन्स, सर्च या क्रमाने जाऊन निकाल मर्यादित ठेवण्याची खूण काढा. “डिलीटेड आयटम्स”ही शोधात घेण्याची खूण त्याच पानावर आहे.

तिसरं, आउटलुक वर्डसारख्या काही जोडफायलींच्या आतही शोधतं, थंडरबर्ड शोधत नाही. पण स्कॅन करून पाठवलेला कागद हे निव्वळ चित्र असतं, त्यातला शब्द टाकून मेल मिळण्याची आशा धरू नका.

## ७. शब्द टाकायचाच असेल तर: मराठीच्या खोड्या

मदतीच्या पानांवर हे सहसा मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्यय काढा. मेलमध्ये “पावतीची प्रत” किंवा “पावत्या” असेल आणि तुम्ही “पावतीचा” टाकाल तर जुळणार नाही. तिन्हीकडे सारखा असलेला तुकडा टाका: “पावत”. तसंच “विमा” आणि “विम्याचा” यांच्यासाठी “विम”. शोध मराठी व्याकरण जाणत नाही, तो अक्षरांना अक्षरं लावून बघतो.

शुद्धलेखनाचे फरक टाळा. फाइल-फाईल, इन्व्हॉइस-इन्व्हॉईस, ईमेल-इमेल, माहिती-माहीती. समोरच्याने काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही. म्हणून “इन्व्हॉ” एवढ्यावरच थांबा.

दिसतं तेच असतं असं नाही. “ॲ” हे अक्षर एकसंध असू शकतं, किंवा “अ”वर चंद्र देऊन दोन खुणांनी बनवलेलं असू शकतं. पडद्यावर दोन्ही सारखी, आत वेगळी. “कर्मचाऱ्यांची”मधला “ऱ्य”ही वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या खुणांनी तयार होतो. अशी अक्षरं असलेले शब्द शोधासाठी निवडूच नका. आकड्यांचंही तेच, “५” टाकून “5” सापडेलच असं नाही. बिलाचा क्रमांक शोधताना दोन्ही करून बघा.

जुने फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून मराठी नसतोच, ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. असा मेल देवनागरीत शोधून मिळणार नाही. माणूस आणि तारीख, दुसरा उपाय नाही.

रोमन लिपीतलं मराठी. “पावती”साठी कोणी व्ही लिहितं, कोणी डब्ल्यू, कोणी ए एकदा, कोणी दोनदा. दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, पण तासभर घालवू नका. त्यापेक्षा त्या मेलमध्ये नक्की असेल असं काही शोधा: रक्कम, मॉडेलचा क्रमांक किंवा फाइलच्या नावाची सुरुवात.

## ८. तरीही नाही? मग सूची दुरुस्त करा

हे आठव्या क्रमांकावर मुद्दाम ठेवलंय. लोक हे सगळ्यांत आधी करतात, तासन्‌तास थांबतात, आणि शेवटी फोल्डरच चुकीचा निघतो.

खात्रीसाठी आधी एक चाचणी घ्या. समोर उघडा असलेला एखादा जुना मेल निवडा, त्यातला एक साधा इंग्रजी शब्द सगळीकडच्या शोधात टाका. तो मेल आला तर सूची ठीक आहे, मागच्या पायऱ्या पुन्हा तपासा. नाही आला तर पुढे चला.

थंडरबर्ड: एकाच फोल्डरची तक्रार असेल तर त्यावर राइट-क्लिक, “प्रॉपर्टीज”, मग “रिपेअर फोल्डर”. त्याच खिडकीत हा फोल्डर सगळीकडच्या शोधात घ्यायचा की नाही याची खूणही असते, तीही बघा. सगळीकडेच गोंधळ असेल तर:

१. जनरल सेटिंग्जमध्ये ग्लोबल सर्च आणि इंडेक्सर चालू आहे का ते बघा.
२. हेल्प मेन्यूतल्या “ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन”मधून प्रोफाइलचा फोल्डर (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतं तो) उघडा.
३. थंडरबर्ड पूर्ण बंद करा.
४. “ग्लोबल मेसेजेस डीबी” या नावाच्या एसक्यूलाइट (.sqlite) फाइलचं नाव बदला, हीच ती सूची. पुसू नका, नाव बदलणं पुरेसं आहे.
५. थंडरबर्ड पुन्हा उघडा आणि चालू ठेवा. टूल्समधल्या “ॲक्टिव्हिटी मॅनेजर”मध्ये काम कुठवर आलं ते दिसतं.

सावध: त्याच ठिकाणी “मेल” आणि “आयमॅप मेल” हे फोल्डर असतात. तुमचे मेल त्यांत आहेत. त्यांना हात लावू नका.

आउटलुक: शोधाच्या चौकटीत गेल्यावर “सर्च टूल्स”मध्ये “इंडेक्सिंग स्टेटस” बघा. काही मेल बाकी असल्याचं सांगत असेल तर नुसतं थांबा. आकडा कमीच होत नसेल तर सर्चच्या ऑप्शन्समधून “इंडेक्सिंग ऑप्शन्स” उघडा, यादीत आउटलुक आहे ना ते बघा आणि “ॲडव्हान्स्ड”मधून “रीबिल्ड” करा. यात विंडोजची पूर्ण सूची नव्याने बनते, म्हणून काम संपवून घरी जाताना करा.

## ९. सापडल्यावर

लांबलचक मेलमधली नेमकी ओळ हवी असेल तर थंडरबर्डमध्ये मेल उघडून कंट्रोल-एफ, आउटलुकमध्ये एफ४.

मग हाच शोध पुन्हा लागणार आहे का ते ठरवा. लागणार असेल तर थंडरबर्डच्या शोध-खिडकीत तळाशी “सेव्ह ॲज सर्च फोल्डर” आहे. तसा फोल्डर एकाहून जास्त खात्यांमधूनही मेल गोळा करू शकतो. आउटलुकमध्ये “सर्च फोल्डर्स”वर राइट-क्लिक करून नवा बनवा.

सावध: असा शोध-फोल्डर काढून टाकला तर मेल जात नाहीत. पण त्याच्या आतला मेल डिलीट केला तर तो मूळ जागेवरूनच जातो, कारण तिथे प्रत नसते, खुद्द मेलच दिसत असतो.